आदल्या रात्रीचा स्वयंपाक

ज्वारीचं पीठ फार दिवस थांबत नाही. गिरणीतून दळून आणलं की पहिले आठ-दहा दिवस भाकरी हाताखाली गरगर फिरते, कडेला चिरत नाही. पुढे पीठ जुनं होतं, त्याची विरी जाते. मग उकळतं पाणी घालून मळलं तरी थापताना भाकरी भेगाळते आणि तव्यावर टाकताना तुटते. बाजरीचं पीठ तर आणखी लवकर बिघडतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास. दाणा दळला गेला की त्यातली विकरं त्या तेलाला भिडतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट लागू लागतं. म्हणून सोलापूर, बार्शी, नगरकडच्या बायका दळण थोडं थोडं करतात. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गिरणीवर जायचं, आपल्या आधी कुणाचं काय दळलं ते विचारायचं, 'बारीक दळा' म्हणून बजावायचं आणि गरम पिठाचा डबा झाकण किलकिलं ठेवून घरी आणायचा. पिशवीबंद पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असताना आजही कितीतरी घरांत हा शिरस्ता चालू आहे.

घरच्या सकस खाण्याविषयी बोलताना सुरुवात इथून करायला हवी, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ या नाशवंतपणात आहे. धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि टोकाशी दडलेला इवलासा अंकुर. तंतू कोंड्यात, जीवनसत्त्वं आणि खनिजं बरीचशी कोंड्यात आणि अंकुरात, तेल मुख्यतः अंकुरात. गाभ्यात राहतो तो प्रामुख्याने स्टार्च आणि काही प्रथिनं. पीठ खवट होतं ते तेलामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि गव्हातला अंकुर नि कोंडा सफाईने वेगळा काढणं सोपं झालं. उरलेलं पांढरं पीठ महिनोन्‌महिने टिकू लागलं, आगगाडीने आणि जहाजाने लांबवर जाऊ लागलं. व्यापाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. खाणाऱ्याच्या पदरात काय पडलं ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम कणकेत तंतू आहेत सुमारे 11 ग्रॅम, ज्वारीत 10 आणि मैद्यात पावणेतीन.

या संस्थेच्या जन्माची कथाही कोंड्याशीच जोडलेली आहे. 1890 च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होता. पायातलं बळ जातं, हृदय थकतं, माणसं मरतात; तो जंतू शोधत होता आणि जंतू सापडत नव्हता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच आजार जडला आणि काही महिन्यांनी आपोआप बराही झाला. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा, कोंडा काढलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, कोंड्यासकटचा स्वस्त तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या पुन्हा चालू लागल्या. औषध कोंड्यात होतं. त्या द्रव्याला पुढे थायमिन, म्हणजे 'ब-1' जीवनसत्त्व, असं नाव मिळालं आणि 1929 साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळालं. भारतात याच बेरीबेरीच्या अभ्यासासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 साली कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतल्या एका खोलीत काम सुरू केलं. त्या खोलीतून वाढलेली संस्था 1958 साली हैदराबादला गेली. आज देशाने काय खावं हे सांगणारी राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

कोकणात आणि गोव्यात मात्र या रोगावरचा उतारा पेजेच्या रूपाने रोजच्या ताटात होताच. उकडा तांदूळ करताना भात टरफलासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. वाफेसरशी कोंड्यातलं ब-जीवनसत्त्व दाण्याच्या गाभ्यात उतरतं आणि नंतर कांडप झालं तरी बरंचसं आत राहतं. मालवणात सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर कुळथाची पिठी किंवा भाजलेला सुका बांगडा, खोबऱ्याची चटणी असं खाऊन माणूस शेतावर जात असे. कष्टकऱ्यांचं हे खाणं शहरात गेल्यावर गरिबीची खूण ठरलं आणि पांढऱ्याशुभ्र, पातळ दाण्याच्या भाताला मान आला. हे फार वाईट झालं.

मे 2024 मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी नवी आहारतत्त्वं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी 56.4 टक्के ओझं चुकीच्या आहाराशी निगडित आहे, असा तिचा अंदाज आहे. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाचं जे आदर्श ताट तिने मांडलं, त्यात धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस 85 ग्रॅम, तेलबिया आणि सुकामेवा 35 ग्रॅम, दूध 300 मिली आहे. हे ताट आपल्या ताटाशेजारी ठेवून पाहावं. आपल्याकडे धान्यातून निम्म्याहून जास्त, काही घरांत सत्तर टक्क्यांपर्यंत ऊर्जा येते. संस्था म्हणते, ती 45 टक्क्यांच्या वर नको. भाजी म्हणजे पोळीला लावून खायचं तोंडीलावणं झालेलं आहे. डाळ आहे, पण वरण इतकं पातळ की वाटीत डाळीपेक्षा पाणी जास्त. तेव्हा पहिला बदल फार साधा आहे: वरण दाट करावं, उसळीची वाटी मोठी करावी, भाताची मूद लहान करावी. त्यासाठी बाजारातून नवं काही आणावं लागत नाही.

पण उसळ रात्री आठ वाजता ठरवून होत नाही. घरी सकस खाण्याची खरी अडचण ही आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. थकून घरी आलेल्या माणसाने त्या क्षणी 'चांगला निर्णय' घ्यावा, अशी अपेक्षा सगळे आहारसल्ले करतात. त्या क्षणी ओट्यावर जे तयार असेल तेच खाल्लं जातं. मटकीचा निर्णय आदल्या दिवशी सकाळीच झालेला असावा लागतो. सकाळी निवडून, धुऊन भिजत घालायची. संध्याकाळी दाणा फुगून नखाने सहज चिरला जातो, तेव्हा पाणी उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवायची. उन्हाळ्यात सकाळी गाठोडं सोडलं की मोड बोटाच्या पेराएवढे असतात आणि एकमेकांत गुंतून कापडातूनही बाहेर डोकावतात. थंडीत मोड यायला आणखी एक दिवस लागतो. मग पुरचुंडी कणकेच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवतात. पाणी पुरतं निथळलं नाही तर मटकी बुळबुळीत होते, वास मारते. या काळात दाण्याच्या आत बरंच काही घडतं. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क-जीवनसत्त्व तयार होतं, पचन हलकं होतं. वरून लिंबू पिळलं की त्यातल्या क-जीवनसत्त्वामुळे उसळीतलं लोह शरीराला जास्त लागू पडतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर चहातले टॅनिन तेच लोह अडवतात. तासभर थांबून चहा प्यायला तर काही बिघडत नाही, आणि ज्या घरात मुलींचं हिमोग्लोबिन कमी आहे तिथे एवढं पथ्य पाळायलाच हवं.

हरभरा, चवळी, वाटाणा, मसूर, हुलगे, वाल यांचंही असंच. वालाला तर भिजवणं, मोड आणणं आणि वर सोलणं. डाळिंब्या सोलायला दोन माणसं बसली तर गप्पांत वेळ जातो. एकटीने बसलं तर तेच काम जड होतं.

तेलबियांचे 35 ग्रॅम ऐकून शहरातला माणूस बदाम-अक्रोडांच्या भावाकडे पाहतो. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात मात्र जवसाची चटणी पूर्वीपासून होती, दख्खनात कारळ्याची, सोलापुरात शेंगदाण्याची, संक्रांतीच्या आगेमागे सगळीकडे तिळाची. जवसात ओमेगा-3 जातीचं मेदाम्ल भरपूर असतं. पण जवस अख्खाच गिळला तर टरफल न फुटता बराचसा तसाच बाहेर पडतो. आजीने तो तडतडेपर्यंत भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून खलबत्त्यात कुटला, हेच बरोबर होतं. कुटलेल्या जवसाचं तेल मात्र हवेने लवकर खवट होतं, म्हणून चटणी आठवडा-पंधरवड्यापुरतीच करावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. पुन्हा तेच: जे पूर्ण आहे ते थांबत नाही.

थांबणारं अन्न विकणं सोपं असतं, म्हणून दुकानाच्या फळ्या त्यानेच भरलेल्या आहेत. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्तेरो यांनी 2009 च्या सुमारास अन्नाची विभागणी त्यातल्या पोषकद्रव्यांऐवजी त्यावर किती प्रक्रिया झाली यावरून करायला घेतली. शेवटच्या गटात आले कारखान्यातच बनू शकणारे पदार्थ: वेगवेगळी स्टार्च, साखरेचे पाक, स्वादद्रव्यं, पायसीकारकं यांची जुळणी. 2019 साली अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी 20 जणांना इस्पितळात ठेवून दोन आठवडे असं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही ताटांत पुढे ठेवलेली साखर, मेद, तंतू, मीठ यांचं प्रमाण सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. त्यांना अधिक खाण्याची आज्ञा कुणी केली नव्हती. दुपारी चारच्या चहाबरोबर पुडा फोडणाऱ्या घराने या प्रयोगाचा विचार करावा. पुड्यावर पुढच्या बाजूला 'मल्टिग्रेन' आणि नाचणीच्या कणसाचं चित्र असलं, तरी मागे बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी. कायद्याने ती यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं किंवा पामतेलाचं आणि नाचणी कुठेतरी शेवटाकडे असेल, तर तो नाचणीचा पदार्थ नव्हे. त्याच चहाबरोबर मूठभर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या किंवा एखादं केळं ठेवायला कुणाला पाककला यावी लागत नाही.

भरडधान्यांचं कौतुक अलीकडे फार वाढलं आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेही चांगलंच झालं. पण या कौतुकात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे भरडधान्यही अर्धवट असू शकतं. उपासाची भगर दुकानात जितकी पांढरी दिसते तितका तिचा कोंडा गेलेला असतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, गाईच्या दुधाच्या तिप्पट, पण सत्त्व करताना वस्त्रगाळ केलं की चोथ्याबरोबर त्यातला काही भाग जातो. वरचं अन्न सुरू झालेल्या बाळाला गाळलेलंच द्यावं. मोठ्यांनी मोड आणून दळलेल्या नाचणीची भाकरी, आंबील किंवा घावन खावं. आणि ज्वारीची भाकरी ही मधुमेहींना दिलेली मोकळीक नाही. तीही स्टार्चच आहे. तिचा फायदा तंतूंमुळे आणि पोट लवकर भरतं म्हणून. दोनाच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढतेच. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाने 2023 साली देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दाखवलं. एवढ्या मोठ्या संख्येपुढे अर्धवट माहितीचा सल्ला जोखमीचा आहे.

दुसरी गोष्ट दाराशी येणाऱ्या धान्याची. महाराष्ट्र ज्वारी विसरला तो केवळ आवडीने नव्हे. 1964 साली देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उत्पादन वाढलं, पण खरिपात काढणीच्या वेळी कणसं पावसात सापडली की दाणा काळा पडे, आणि 'हायब्रीड'ची भाकरी जुन्या माणसांच्या तोंडाला कधी रुचली नाही. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळाली. त्या भाकरीची आठवण काढताना अजूनही वयस्कर माणसं कष्टी होतात. पुढे खरीप ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि ऊस शिरला. रेशनवर गहू-तांदूळ, आज तर पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, आणि तेही मुख्यतः हेच दोन. मोलमजुरी करणाऱ्या घराने फुकट मिळणारा तांदूळ सोडून महाग झालेली ज्वारी विकत घ्यावी असं सांगणं बरं नव्हे. त्या घराला मूठभर हरभरा, पाटातली घोळ-चिघळ-तांदुळजा, बांधावरचा शेवगा हे सांगणं जास्त उपयोगाचं आहे. ज्यांना परवडतं त्यांनी मात्र रब्बीची मालदांडी घ्यावी. मंगळवेढ्याच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत पावसाळा सरल्यावर पेरलेली, थंडीत दवावर पोसलेली ही ज्वारी. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची भाकरी पांढरी, गोडसर आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, घेवड्याची, भाताची जुनी वाणं मडक्यांत आणि डब्यांत राखून ठेवली. घरातलं नातवंड सारखं आजारी पडतं, याचा विचार करता करता त्या या कामाकडे वळल्या. 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं. स्वयंपाकघराच्या प्रश्नाची मुळं बियाण्यापर्यंत जातात, हे शाळेत न गेलेल्या या बाईंनी ओळखलं.

आता राहिला कष्टाचा प्रश्न, आणि तो टाळून सकस अन्नाविषयी लिहिणं अप्रामाणिक ठरेल. पूर्वी घरोघरी पूर्ण धान्य खाल्लं जाई, कारण पहाटे तीनला उठून जात्यावर बसणाऱ्या बायका होत्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांची खांदे-मनगटं सुटली. त्या काळाकडे परत जायला कुणी सांगत असेल तर ऐकू नये. गिरणीनेही पीठ पूर्णच राहिलं. यंत्र आल्याने काही बिघडलं नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खाणावळीत जेवत, आणि त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांच्या हातच्या ताज्या डाळ-भात-भाकरीवर शहराचं कापड विणलं गेलं. म्हणजे ताजं अन्न मोलाने मिळू शकतं. फक्त ते मोल करणाऱ्या हाताला पुरेसं मिळायला हवं.

घरातही ही कामं वाटून घेता येतात. भाकरी थापायला सराव लागतो, पण हरभरा भिजत घालायला, पाणी उपसायला, पालेभाजी निवडायला, शेंगदाणे भाजायला, गिरणीवर डबा न्यायला लागत नाही. बारा वर्षांचा मुलगाही मटकी बांधू शकतो. नवरा-बायको दोघंही नोकरीला असलेल्या घरात ही पूर्वतयारी एकटीच्या माथी राहिली, तर महिन्याभरात पुडे परत येणार, आणि दोष तिला देता येणार नाही.

ज्यांना भाकरी येतच नाही, पोळीभाजी केंद्रही जवळ नाही, त्यांच्यासाठी सोलापूरकडची कडक भाकरी आहे. पातळ थापून, तव्यावर भाजून मग मंद आचेवर किंवा उन्हात ती इतकी वाळवतात की बोटाने दाबली तर कटकन मोडते. तिच्यातून पाणी तेवढं काढलेलं असतं. कोंडा, अंकुर सगळं जागेवर राहतं, तरी ती कोरडी ठेवली तर कित्येक आठवडे टिकते. आता बचत गटांच्या बायका ती पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतात. घेताना फक्त दोन गोष्टी विचाराव्यात: पिठात मैदा किंवा तांदूळ मिसळलाय का आणि वरून तेल लावलंय का. नसेल, तर रात्री उशिरा आलेल्या माणसाने ती दाट आमटीत नाहीतर दह्यात कुस्करावी, बरोबर शेंगांची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा घ्यावा, आणि झोपण्यापूर्वी उद्यासाठी वाटीभर चवळी भिजत घालावी.